रुईचा भाव आणि मोबाइलमधल्या मेणबत्त्या

२०२१ च्या दिवाळीत आमचा मुलगा हैदराबादहून बेल्याला आला, पण सगळं लक्ष मोबाइलमध्ये. मी अनारसे तळत होते आणि तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून पडद्याकडे टक लावून होता. डोकावून बघितलं, तर काळ्या पडद्यावर हिरव्या-लाल उभ्या रेघा. कुठे लांब, कुठे आखूड.

"हे काय रे?" मी विचारलं.

"कॅन्डल आहेत आई. मेणबत्त्या. बिटकॉइनचा भाव आहे हा."

मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, गणित नाही. पण त्याने समजावून सांगितलं आणि मला ते लगेच कळलं, कारण ते मला आधीच माहीत होतं. सोळा वर्षं सासरे आणि त्यानंतर आमचे हे, कापूस घेऊन आदिलाबादच्या मार्केट यार्डात जातात. रात्री घरी आले की हातपाय धुताना तेच सांगणं असतं: सकाळी हर्रास कितीवर उघडला, दिवसात जास्तीत जास्त किती बोली लागली, कमीत कमी किती, आणि शेवटची गाडी काय भावाने गेली. एवढे चार आकडे म्हणजे एक मेणबत्ती. उघडला आणि बंद झाला यांच्यामधला जाड भाग हा मेणबत्तीचा अंगठा समजा, आणि सगळ्यात वरचा व सगळ्यात खालचा भाव दाखवणाऱ्या वर-खाली दोन बारीक वाती. सकाळपेक्षा संध्याकाळी भाव चढा असेल तर हिरवी, उतरला असेल तर लाल. अशा रोजच्या मेणबत्त्या शेजारी शेजारी मांडल्या की बाजार चढतोय, उतरतोय की नुसता बसून आहे ते एका नजरेत दिसतं.

मला वाटलं होतं ही अमेरिकेची नवी करामत असेल. पण ही रीत जपानची, आणि तांदळाच्या व्यापारातून आलेली. ओसाका शहरात दोजिमा नावाचा तांदळाचा बाजार होता. तिथे तांदळाच्या पोत्यांऐवजी तांदळाच्या पावत्यांची खरेदी-विक्री चाले आणि १७३० मध्ये त्याला तिथल्या राजसत्तेने रीतसर मान्यता दिली. साकाता गावचा होन्मा मुनेहिसा नावाचा तांदळाचा व्यापारी अठराव्या शतकात होऊन गेला. या मेणबत्त्यांचं मूळ त्याच्या नावावर सांगतात. मेणबत्तीचं चित्र त्याचंच की पुढच्या लोकांनी घडवलं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण त्याला कळलेली गोष्ट मोलाची होती: तांदूळ किती पिकला एवढ्यावर भाव ठरत नाही, तांदळाबद्दल लोकांना काय वाटतंय यावरही ठरतो.

मुलाने त्या दिवशी मला आणखी दोन शब्द शिकवले. एक सपोर्ट, म्हणजे ज्या भावाखाली लोक विकायला तयार होत नाहीत आणि घेणारे पुढे येतात तो टेका. दुसरा रेझिस्टन्स, म्हणजे जिथे पोचलं की माल बाहेर यायला लागतो आणि भाव अडतो ते छत. "छत एकदा फुटलं ना आई, की भाव थेट वर जातो," तो म्हणाला. बिटकॉइन तेव्हा पन्नास लाख रुपयांच्या आसपास होतं. त्याने घेतलं होतं ते बिटकॉइन नव्हे, दुसरंच एक लहान नाणं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी माझ्या भिशीचे साठ हजार रुपये त्याच्या हातात दिले. यांना सांगितलं नाही. माझ्या लेकराला यातलं कळतं, असं मला वाटलं.

पुढे काय झालं ते सांगेनच. पण त्याआधी दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते, कारण ती मला तेव्हा आठवायला हवी होती. परीक्षेला पाठ केली होती मी ती.

१८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. इंग्लंडच्या लँकेशायर भागातल्या कापड गिरण्या अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापसावर चालत. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि तो कापूस बंद झाला. गिरण्यांना दुसरा कापूस हवा होता, तो मिळाला हिंदुस्थानातून. मुंबई बंदरातून जाणाऱ्या रुईचा भाव दोन-तीन वर्षांत तिप्पट-चौपट झाला. आपल्या शेजारच्या वऱ्हाडचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात 'उमरा' नावाने विकला जाई. उमरा म्हणजे उमरावती, आपली अमरावती. हिंगणघाटच्या कापसाचंही तिकडे वेगळं नाव होतं. तेव्हा बेला निजामाच्या राज्यात आणि नदीपलीकडचं वणी-पांढरकवडा इंग्रजांच्या कारभाराखाली. पण पैनगंगेच्या दोन्ही काठांची काळी माती एकच, पऱ्हाटी एकच. राज्याची सीमा कापसाला कधी कळली नाही, तशी आमच्या भाषेलाही नाही.

त्या काळच्या लिखाणात असं सांगितलंय की मध्य प्रांतातल्या काही शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या. खरंखोटं देव जाणे, पण लोकांनी ते लिहून ठेवावं इतका पैसा आला होता. ज्वारीच्या रानात कापूस लावला गेला आणि धान्य महाग झालं. घर चालवणाऱ्या बाईला चांदीच्या धावेपेक्षा ज्वारीचा भाव आधी जाणवला असणार.

त्या चार-पाच वर्षांत मुंबईला नेहमीच्या भावापेक्षा सात-साडेसात कोटी पौंड जास्त मिळाले, असा अंदाज पुढे मांडला गेला. एवढा पैसा ठेवायचा कुठे? मग रोज नवी कंपनी निघू लागली. १८६५ च्या सुरुवातीला मुंबईत ३१ बँका होत्या. त्याशिवाय जहाजांच्या, विम्याच्या, कापूस दाबण्याच्या कंपन्या वेगळ्या. सगळ्यात गाजली ती समुद्र हटवून जमीन काढणारी बॅक बे कंपनी. तिच्या पाच हजार भरलेल्या एका शेअरचा भाव पंचवीस हजारांच्या पुढे गेला. जमीन अजून पाण्याखालीच होती! वडाच्या झाडाखाली दलाल उभे राहत, आणि वकील, कारकून, डॉक्टर, नोकरचाकर सगळे त्यांच्याकडून शेअर घेत. पैसे हातात नसले तरी चाले, कारण बहुतेक सौदे वायद्याचे होते. आज बोली करायची आणि पैसे पुढच्या तारखेला द्यायचे. भाव चढतच राहिला तर पैसे द्यायची वेळच येत नाही, मधला फरक खिशात घालायचा.

या सगळ्याच्या मध्यभागी होते प्रेमचंद रायचंद. मैत्रिणींनो, हे नाव आपल्या समाजातलं. १८३१ मध्ये सुरतेला जैन कुटुंबात जन्म, मुंबईत दलालीला सुरुवात, आणि तिशीत असताना सगळी मुंबई त्यांच्या शब्दावर चालू लागली. त्यांच्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगतात. विलायतेची आगबोट बंदराला लागायच्या आधीच ते आपली छोटी नाव समुद्रात पाठवत आणि लिव्हरपूलचा भाव इतरांच्या आधी मागवून घेत. बाकीचे लोक कालचा भाव बघून आजचा अंदाज करत होते, आणि शेटजींना उद्याची बातमी आज मिळत होती. बाजार वाचणं म्हणजे काय ते मला या नावेच्या गोष्टीत सगळ्यात नीट कळतं. आजही मोठमोठे साठे बाळगणारे असतात, क्रिप्टोवाले त्यांना व्हेल म्हणतात, देवमासे. त्यांनी एकदम माल काढला की भाव पडतो. त्या विक्रीची लाल मेणबत्ती आपल्याला दिसते तेव्हा त्यांचं विकून झालेलं असतं.

९ एप्रिल १८६५ ला अमेरिकेत दक्षिणेचे सेनापती ली शरण आले. युद्ध संपलं. म्हणजे अमेरिकेचा कापूस पुन्हा येणार. ही बातमी मुंबईत पोचली आणि रुईचा भाव कोसळला. रुईच्या पैशावर शेअर उभे होते, तेही कोसळले. वायद्यांचे पैसे चुकते करायचा दिवस होता १ जुलै १८६५. त्या दिवशी घेणारे होते, देणारे नव्हते. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला होता, तो पुढे ८७ रुपयांना विकावा लागला. १८६८ मध्ये ती बँकच गुंडाळली गेली. दिवाळखोरांची संख्या एवढी की सरकारला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. १८६६ मध्ये प्रेमचंद शेटही बुडाले.

आता मला सांगा, १८६४ सालच्या मुंबईत कोणाच्या हातात हा मेणबत्त्यांचा तक्ता असता, तर त्याला काय दिसलं असतं? एकामागून एक हिरव्या मेणबत्त्या. प्रत्येक छत फुटलेलं. तक्ता अगदी खरा असता, एकही आकडा खोटा नसता. आणि तरी तो माणूस बुडाला असता, कारण भाव ज्यावर उभा होता ती गोष्ट तक्त्यात नव्हतीच. ती अमेरिकेच्या रणांगणावर होती. मुंबईच्या लोकांना वाटत होतं आपण कापसावर पैसे लावतोय. खरं तर ते युद्ध चालू राहण्यावर पैसे लावत होते.

कापसाच्या भावाशी आपल्या लोकांचं आणखी एक नातं आहे, ते सांगायला लाज वाटते, पण इतिहास आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडता आणि बंद होता भाव मुंबईत येई आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावत. १९६१ मध्ये ते आकडे येणं बंद झालं. जुगार मात्र बंद झाला नाही. चिठ्ठ्या मडक्यात टाकून आकडा काढायला लागले. मडकं म्हणजे मटका. अशा रीतीने कापूस गेला आणि नुसता आकडा उरला. माझ्या माहेरी गल्लीच्या तोंडाशी पानाच्या टपरीवर मटक्याच्या चार्टची पुस्तकं लटकलेली असत. मागच्या कित्येक वर्षांचे आकडे ओळीने छापलेले. चांगली शिकलेली माणसं लाल पेनाने त्यात तिरप्या रेघा मारत, "मंगळवारी चौक आला की पुढच्या आठवड्यात पंजा येतो," असं हिशेब करून सांगत. मडक्यातून निघालेल्या चिठ्ठीला कालची चिठ्ठी काय माहीत! पण रेघा मारणाऱ्याला नक्षी दिसायचीच. माणसाचा डोळाच असा आहे, त्याला ढगातही हत्ती दिसतो.

बाजाराचा भाव म्हणजे मटका नव्हे, हे मी मान्य करते. भावाच्या मागे माणसं असतात आणि माणसांच्या वागण्यात थोडी रीत असते. चढत्या भावात मागे राहिलेले शेवटी धावत येतात, पडत्या भावात धीर सुटला की सगळे एकाच दरवाजातून बाहेर पडू बघतात. तक्त्यात ही हाव आणि ही भीती दिसते, आणि ती बघता येणं ही विद्याच आहे. पण ती झालेल्या गोष्टीची विद्या आहे. दिवसभराच्या उष्ट्या भांड्यांवरून घरात काय शिजलं ते सांगता येतं, उद्या कोण पाहुणा येईल ते नाही.

आता आमच्या घराचं सांगते. ज्या आठवड्यात मी साठ हजार दिले, त्याच आठवड्यात, नोव्हेंबर २०२१ मध्ये, बिटकॉइन ६९,००० डॉलरच्या जवळ जाऊन आलं. ते छत होतं, पण तेव्हा कोणालाच दिसलं नाही. छत नेहमी खाली आल्यावरच दिसतं. १ एप्रिल २०२२ पासून सरकारने नफ्यावर ३० टक्के कर लावला, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करायचा नाही असा नियम केला. मे महिन्यात लुना नावाचं नाणं, ज्याचा भाव महिन्याभरापूर्वी शंभर डॉलरच्या वर होता, काही दिवसांत मातीमोल झालं. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स नावाचा मोठा परदेशी बाजार बुडाला आणि बिटकॉइन १६,००० डॉलरच्याही खाली गेलं. आमच्या मुलाच्या त्या लहान नाण्याचं काय झालं हे विचारूच नका. साठ हजारांचे चार हजार काही उरले. त्याचे स्वतःचे किती गेले ते त्याने आजवर नीट सांगितलेलं नाही. त्या वर्षी दिवाळीला तो आलाच नाही. फोनवर बोलायचा, पण दोन वाक्यांत फोन ठेवायचा. मी रात्री सामायिकाला बसले तरी मनात तेच.

आणि यांना सांगायची हिंमत होईना, कारण हे म्हणाले असते, "जुगार खेळलात मायलेकांनी."

त्याच वर्षी दुसरी एक गोष्ट आमच्याच घरात घडत होती. २०२१-२२ च्या हंगामात कापसाचा हमीभाव लांब धाग्याला ६,०२५ रुपये क्विंटल होता आणि बाजार त्याच्या कितीतरी वर गेला, उन्हाळ्यापर्यंत दहा हजार ओलांडून पुढे. ज्यांनी लवकर विकला ते हळहळले. त्यात आम्हीही. म्हणून पुढच्या हंगामात, २०२२-२३ मध्ये, आदिलाबादपासून यवतमाळपर्यंत लोकांनी कापूस विकलाच नाही. घरात भरून ठेवला. सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा: दहा हजार. आमच्या बटाईच्या शेताचा अर्धा वाटा पुढच्या खोलीत छतापर्यंत रचला होता. पाहुणे आले की ओसरीत बसवायचे. कापसातल्या किड्यांनी अंगाला खाज सुटायची, विस्तवाची भीती वेगळी, संध्याकाळी त्या खोलीत दिवा न्यायची सोय नाही. हे रोज सकाळी भाव विचारायचे आणि म्हणायचे, "थोडं थांबू. मागच्या साली याच वेळी चढला होता."

मागच्या साली याच वेळी चढला होता! हे वाक्य मी मुलाच्या तोंडून इंग्रजीत ऐकलं होतं. बाप यार्डातल्या भावात मागच्या वर्षीची नक्षी शोधत होता, मुलगा मोबाइलमध्ये. दोघांनाही वाटत होतं की आपण बाजार वाचतोय.

शेवटी उन्हाळा सरत आला, पेरणीला पैसे लागणार होते, तेव्हा सात हजारांच्या आसपास तो कापूस गेला. त्या रात्री, रिकाम्या झालेल्या खोलीतून सरकी आणि कचरा झाडताना, मी यांना साठ हजारांचं सांगितलं. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याला म्हणाव घरी ये. मीही काही शहाणपणा केला नाही यंदा."

पण त्या रात्रीच मला दोघांच्या नुकसानीतला फरकही कळला. आमचा कापूस सात हजारांना गेला, म्हणजे काहीतरी आलं. त्याच्या खाली हमीभावाचा टेका होता, ६,३८० रुपयांचा, आणि त्या टेक्याच्याही खाली एक खरी गोष्ट होती: त्या रुईचं सूत निघतं, सुताचं कापड होतं, सरकीची पेंड गुरं खातात. भाव कितीही पडला तरी कापूस कापूसच राहतो. मुलाच्या नाण्याखाली काय होतं? उद्या कोणीतरी जास्त पैसे देऊन आपल्याकडून घेईल, ही आशा. पाण्याखालच्या जमिनीचा शेअर तसाच होता. तक्त्यावर दोघांच्याही मेणबत्त्या सारख्याच दिसतात, पण पायाखाली एकीकडे जमीन असते आणि एकीकडे नसते.

मुलगा मला अजूनही म्हणतो, "आई, बिटकॉइन परत चढलं. डिसेंबर २०२४ मध्ये लाख डॉलर झालं." खरं आहे. मी खोटं कशाला म्हणू? पण त्याचं नाणं चढलं नाही, आणि चढलेल्याचीच गोष्ट सांगितली जाते. १८६५ नंतर जे बुडाले त्यातल्या बहुतेकांची नावंही राहिली नाहीत.

प्रेमचंद शेटांचं नाव राहिलं. त्याला कारण वेगळं आहे. भरभराटीच्या दिवसांत, १८६४ साली, त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आणि त्याच्या मनोऱ्याला दान दिलं होतं, आणि आईचं नाव द्यायची इच्छा ठेवली होती. शेट बुडाले, पण दिलेलं दान बुडालं नाही. १८७८ मध्ये २८० फुटांचा राजाबाई टॉवर पूर्ण झाला. त्यांची आई दृष्टीने अधू होती, चौविहार पाळायची, सूर्यास्ताची वेळ घड्याळाच्या टोल्यावरून कळावी म्हणून मनोरा बांधला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, जे देऊन टाकलं तेवढंच टिकलं हे तर खरं. आणि १८७५ मध्ये मुंबईच्या शेअर दलालांनी आपली संस्था उभी केली, आजच्या शेअर बाजाराचं मूळ ते. तिच्या संस्थापकांतही प्रेमचंद होते. हात पोळल्यावरच नियम सुचतात.

आपल्याकडे नियम फार आधी सुचला होता. श्रावकाच्या पाच अणुव्रतांतलं शेवटचं परिग्रह परिमाण. त्यात व्यापार सोड असं म्हटलेलं नाही. किती ठेवायचं ते आधी ठरव, एवढंच म्हटलंय. आधी, म्हणजे भाव चढायच्या आधी. मेणबत्त्या हिरव्या दिसायला लागल्यावर कोणाला परिमाण आठवत नाही, मलाही नाही आठवलं.

तर घरातलं पोर मोबाइलमध्ये रेघा दाखवायला आलं, की त्याला झिडकारू नका, माझ्यासारखी भिशीही हातात ठेवू नका. शेजारी बसवून दोनच प्रश्न विचारा. हा भाव कशावर उभा आहे? आणि सगळं गेलं तर आपल्या घरात काय उणं पडेल? पहिल्याचं उत्तर त्याला देता आलं नाही, तर दुसऱ्याचं उत्तर "काही नाही" इतक्याच रकमेवर त्याला थांबवा. या दिवाळीला आमचा मुलगा आला होता. मोबाइल होता हातात, पण अनारसेही खाल्ले. यंदा कापूस पुढच्या खोलीत ठेवला नाही. वेचून झाला तसा गाडीत भरून यार्डात पाठवला.